साडेतीनचे अण्णा

कुणी ‘अण्णा, पटकन एक फोटो काढा’ म्हटलं, की अण्णा गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवायचे. रागावून नव्हे, तोंडावरचं हसू तसंच असायचं. “पटकन पायजे तर तुमचा फोन हाय की. त्यो पटकनच्याच कामाचा,” असं म्हणून ते भिंतीला टेकून बसायचे आणि चहा येतोय का ते बघायचे. चहा यायचा, पोहे यायचे, घरातली माणसं आपापल्या कामाला लागायची आणि फोटोचा विषय मागं पडायचा. मग केव्हातरी पिशवीतून कॅमेरा निघायचा. आठवडाभरानं अण्णा फोटो घेऊन दारात उभे राहायचे, तेव्हा तो कधी काढला हे घरातल्या कुणालाच आठवत नसायचं.

बेळगावात त्यांना ओळखणारे सगळे ‘साडेतीनचे अण्णा’ म्हणत. त्यांच्या जुन्या, रोलच्या कॅमेऱ्याला जे भिंग होतं, त्याच्या कडेवर साडेतीन हा आकडा कोरलेला होता. या आकड्यांचा हिशोब उलटा असतो. आकडा जितका लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं. उजेड भरपूर आत येतो आणि फोटो झटक्यात निघतो. अशा भिंगांना फास्ट म्हणतात आणि हौशी लोक त्यांच्यावर जीव टाकतात. साडेतीनचं भिंग म्हणजे त्या मानानं अगदीच सावकाश काम. पण अण्णांना त्या आकड्याचा भारी अभिमान. “तुम्ही लोक मुहूर्त साडेतीन म्हणता, शक्तिपीठं साडेतीन म्हणता. माझा त्यातल्या कशावर विश्वास न्हाय, पण आकडा चांगला निवडलाय,” असं ते मला म्हणायचे. “आणि कुठला बी माणूस घे. आपल्या हातानं मोजला तर साडेतीन हातच भरतो.”

त्यांची माझी ओळख एका प्रतिज्ञापत्रावरून झाली. शाळेच्या मराठी दाखल्यावर त्यांचं आडनाव एक आणि नोकरीच्या कानडी कागदांवर दुसरंच. आमच्या भागात निम्म्या लोकांची दोन-दोन आडनावं असतात, त्यामुळे माझ्यासारख्या वकिलांचं बरं चालतं. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात रबरी चप्पल. त्या दिवशी माझ्या टेबलावर माझा नवा छंद ठेवलेला होता. जुनाच, त्यांच्याकडच्यासारखाच रेंजफाइंडर कॅमेरा. यात भिंगातून बघायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं असतं. त्याला मी मोठ्या हौसेनं एक पॉइंट चारचं भलंमोठं भिंग लावलेलं. जिचा निम्मा दिवस पुढची तारीख ऐकण्यात जातो, तिला घरी आल्यावर तरी काहीतरी फास्ट हवं असतं, एवढीच माझी बाजू. अण्णांनी प्रतिज्ञापत्राकडे पाहिलंच नाही. कॅमेरा उचलला, हातात तोलला आणि विचारलं, “वकीलबाई, हे भिंग हाय का पाण्याचा तांब्या?”

मी रीतसर युक्तिवाद केला. म्हटलं, अंधारात फोटो निघतो, मागचं सगळं धूसर होऊन माणूस कसा उठून दिसतो. पुरावा म्हणून माझ्या आईचा फोटो पुढं केला. अण्णांनी तो चष्मा वर सरकवून, खाली सरकवून पाहिला. “कान सुरेख आलाय,” ते म्हणाले. मी फोटो ओढून घेतला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. खरंच, आईचा डावा कान केसागणिक स्पष्ट होता आणि डोळे मात्र झोपेतून उठल्यासारखे. इतक्या मोठ्या तोंडाच्या भिंगाला बोटभर अंतराची चूकही चालत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा पुरावा तर माझ्यावरच उलटला. आमच्या वकील मंडळींच्या निरोप समारंभाचा फोटो मी त्याच भिंगानं काढला होता. मधले सगळे छान आलेले, पण खाली उजव्या कोपऱ्यात आमचे एक ज्येष्ठ वकील तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. काढताना ते मला दिसलेच नव्हते. अण्णा एवढे हसले की बाहेर बसलेली पक्षकार मंडळी आत डोकावली. मग त्यांनी मला खिडकीतून बघायला लावलं आणि दाखवलं: भिंग इतकं जाडजूड की खिडकीतल्या दृश्याचा उजवा कोपरा त्याच्याच आड जातो. “तुझं भिंगच तुझ्या वाटेत उभं ऱ्हातंय बघ,” ते म्हणाले. त्यांचं साडेतीनचं भिंग औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढं होतं आणि कशाच्याच आड येत नव्हतं.

पण वकील इतक्यात हार मानत नाही. मी म्हटलं, “अण्णा, माझंही भिंग बारीक करता येतं. आकडा आठावर नेला की झालं. मग तुमच्यात माझ्यात फरक काय?”

“नेता येतं,” अण्णा म्हणाले. “पण नेतीस का?”

मी ते एकदाही नेलं नव्हतं. मोठं तोंड दिलंय म्हटल्यावर ते उघडल्याशिवाय मला राहवत नव्हतं. त्या दिवशी प्रतिज्ञापत्र राहून गेलं आणि अण्णांना पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. ती त्यांनी आनंदानं घेतली.

मग मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. कंग्राळीच्या रस्त्याला त्यांचं घर. तिथल्या न्हाणीघरात ते रोल धुवायचे आणि कपड्यांच्या दोरीवर, त्यांच्या बनियनशेजारी वाळत घालायचे. आयुष्यभर नकाशे काढल्यामुळे अंतर त्यांच्या पायात होतं. खोलीत शिरताना चालता चालताच ते पुटपुटायचे, “सात फूट,” आणि न बघता भिंगावरचा अंतराचा आकडा सातावर. भिंगाचं तोंड आठावर. मग समोरचा माणूस, त्याच्या मागची भिंत, भिंतीवरची फळी, फळीवरचे डबे, सगळं एकाच फोटोत स्वच्छ. अडचण एकच. घरातल्या उजेडात एवढ्या बारीक तोंडाला पाव सेकंद तरी लागायचा. त्यासाठी अण्णा दाराच्या चौकटीला खांदा लावायचे, श्वास सोडायचे आणि बटण असं दाबायचे की त्याचा आवाज त्यांनाही येऊ नये. माझा हात थरथरला की म्हणायचे, “निधान, वकीलबाई. निधान.”

या ‘निधान’चीही एक गोष्ट होती आणि ती अण्णा सगळ्यांना सांगायचे. त्यांचं लहानपण निपाणीचं. कानडी अक्षरं नुकतीच ओळखीची झाली होती, आणि अशात गावाबाहेर मोठ्या रस्त्याला कानडीत एक नवी पाटी लागली. अण्णांनी एकेक अक्षर लावून वाचलं: नि-धा-न. मराठी शाळेतल्या गुरुजींनी निधान म्हणजे जमिनीतला ठेवा, असं शिकवलेलं. कानडीत निधान म्हणजे सावकाश, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी ही बातमी थोरल्या बहिणीला, आक्काला दिली. आक्कानं खुरपं उचललं आणि पाटीच्या बुडाशी हातभर खड्डा खणला. शेवटी रस्त्याचा मुकादम ओरडत आला. “तवापासनं मला दोनी अर्थ पटलेत,” अण्णा म्हणायचे. “ठेवा पायजे तर सावकाश जावा. त्या पाटीत चूक काय बी नव्हती.”

आक्का. अण्णांचं सगळं छायाचित्रण त्या एका बाईपाशी येऊन थांबायचं. त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत लहानपणापासून राबलेली. तिच्या कमाईवर अण्णा शिकले, ड्राफ्ट्समन झाले, त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला. एकदा अण्णांनी मला एक जुना फोटो दाखवला. वखारीच्या मालकानं हौसेनं काढून घेतलेला. पुढं खुर्चीवर मालक, मिशीचा केसन् केस मोजता यावा इतका स्वच्छ; आणि मागं चाळीसेक बायका, त्यांच्या जागी नुसता धूर. आक्काचा तरुणपणचा एवढा एकच फोटो. “ह्यात आक्का कुठली, ते आक्काला बी सांगता येत न्हाय,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. फोटो त्यांनी परत वहीत ठेवला, वही पिशवीत ठेवली, आणि मी माझ्या मोठ्या भिंगावर झाकण लावलं.

तेव्हा अण्णांना आयुष्यात एकच फोटो हवा होता: आक्का तिच्या स्वतःच्या घरात, घरासकट, स्वच्छ. फोनवरचे फोटो त्यांना चालत नसत. नातवंडांनी काढलेले ढीगभर होते, पण फोन आक्काच्या सुरकुत्यांना इस्त्री करतो असं त्यांचं म्हणणं. फोनमध्ये मागचं सगळं धूसर करायची सोय आलीय हे कळल्यावर तर ते चकितच झाले. “घर पुसायला बटन?” त्यांनी मला दोनदा विचारलं.

आणि आक्का अशी, की ती पाव सेकंद गप्प बसू शकत नव्हती. दर महिन्याला अण्णा बसनं निपाणीला जायचे, पुढं पुढं मीही सोबत जाऊ लागले. आक्काचं घर दोन खोल्यांचं, वर एक काचेचं कौल, त्यातून येणारा उजेड तिच्या पाटावर पडायचा. शेजारी गॅसची शेगडी, वर बुद्धाची तसबीर, खाली मांजर. अण्णा चौकटीला खांदा लावायचे, म्हणायचे, “आक्का, आता जरा निधान.” आक्का ओठ मिटून बसायची. एक, दोन, तीन. अण्णा श्वास सोडायचे, बटण दाबायचे आणि त्याच क्षणी आक्का विचारायची, “काढलास का रं?”

असे वीस वर्षांचे फोटो अण्णांकडे होते. सगळ्यांत तसबीर स्वच्छ, शेगडी स्वच्छ, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीखसुद्धा वाचता येईल अशी. आणि मधोमध आक्का, दोन नाकांची, तीन तोंडांची. “मांजर बघ,” अण्णा कळवळून म्हणायचे. “वीस वर्षांत तीन मांजरं झाली, एक बी हललं न्हाय. मांजराला कळतंय, तुला कळंना व्हय?”

“मांजराला काय, त्येला कुणाला काय सांगायचं नसतंय,” आक्का म्हणायची. “तुझं मशीनच मंद हाय. हिला बघ, हिचं केवढं मोठं हाय!” म्हणजे माझं.

एकदा तिच्या आग्रहावरून मी ते मोठं भिंग बाहेर काढलं. अण्णा तिच्या शेजारी जाऊन बसले. आक्का अखंड बोलत होती, मी भिंगाचं तोंड पूर्ण उघडून झटक्यात फोटो घेतला आणि या वेळी नेम डोळ्यांवरच बसला. आक्का आली! पापणी न् पापणी, कपाळावरचं गोंदण, सगळं. पुढच्या महिन्यात मी विजयी मुद्रेनं फोटो घेऊन अण्णांबरोबर निपाणीला गेले. आक्कानं तो कौलाच्या उजेडात धरला. मागं घर नव्हतं. तसबीर नव्हती, शेगडी नव्हती, आणि जरासे मागं सरून बसलेले अण्णा म्हणजे शर्टाच्या रंगाचा एक ढग.

“बाई झ्याक हाय,” आक्का म्हणाली. “पण कुठं बसलीया ही? आणि हिच्या मागं ह्यो कुणाचा धूर?”

परतीच्या बसमध्ये अण्णा संकेश्वर येईपर्यंत अधूनमधून एकटेच हसत होते. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “काय न्हाय. आता आक्का मालकाच्या जागी आली आणि मी बायकांच्यात गेलो. फिटलं म्हणायचं.” थोड्या वेळानं त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, “तरी बी एक स्वच्छ फोटो व्हायला पायजे, वकीलबाई. आक्का आता ऐंशीच्या पुढं गेली. किती दिवस ऱ्हाणार?”

राहिली ती आक्काच. गेल्या थंडीत अण्णा दुपारचे जेवून पडले ते उठले नाहीत. इतक्या सावकाश माणसानं एवढी घाई करावी याचा मला आधी रागच आला, रडू नंतर आलं. दिवस झाल्यावर त्यांचा बंगळुरूचा मुलगा पिशवी घेऊन माझ्याकडे आला. “बाबांनी सांगून ठेवलं होतं, भिंग वकीलबाईंना द्यायचं,” तो म्हणाला. कॅमेऱ्यात रोल तसाच होता. छत्तिसांतले एकतीस फोटो झालेले, पाच शिल्लक.

मी बसनं निपाणीला गेले. आक्का पाटावर बसली होती. मी काही न बोलता तिच्यापासून सात फूट मोजले आणि चौकटीशी गेले. तिथं लाकडावर अण्णांच्या खांद्यानं एक तुळतुळीत डाग पडलेला होता, माझ्या खांद्यापेक्षा वीतभर वर. मी त्याच्या खाली टेकले. आकडा आठावर, पाव सेकंद. निधान, असं म्हणायची वेळच आली नाही. आक्का सरळ समोर बघत होती. मी श्वास सोडला, बटण दाबलं. ती हलली नाही. ‘काढलास का’ असं तिनं विचारलं नाही. वीस वर्षं अण्णांना हवा होता तो फोटो मला पहिल्या झटक्यात मिळाला, आणि मला तो तिथल्या तिथं परत करावासा वाटला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “आक्का, तुम्ही ती पाटी खणायला गेला होता ना, निधानची? अण्णा नेहमी सांगायचे.”

आक्कानं मान वळवली. “कोण खणायला गेलतं?”

“तुम्ही. खुरपं घेऊन.”

“मी?” आक्काचा हात वर गेला. “अगं, खोटारडा हाय त्यो! खुरपं त्येनंच पळवलं, आईचं! मी गेलते त्येला कान धरून आणायला! खड्ड्यात उभा ऱ्हाऊन मला म्हणतोय, आक्का, अजून हातभर खाली असंल, तू बी खण! आणि मुकादम आला तर माझ्याकडं बोट दावून—” ती उठायला लागली, बसली, दोन्ही हातांनी खड्ड्याची खोली दाखवू लागली, हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती पदर शोधू लागली. मी चौकटीला टेकलेलीच होते. बटण पुन्हा दाबलं.

रोल मी अण्णांच्याच न्हाणीघरात धुतला. दोन्ही फोटो घेऊन निपाणीला गेले आणि आक्काच्या पुढं ठेवले. पहिल्यात सगळं होतं: तसबीर, शेगडी, मांजर, आणि मधोमध आक्का, काठापदरासकट, स्वच्छ. तिनं तो बराच वेळ बघितला. “ही अण्णा गेल्यावरची हाय,” ती म्हणाली आणि फोटो माझ्या हातात परत दिला. तो माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. टाकवत नाही, लावावासाही वाटत नाही.

दुसरा तिनं तसबिरीच्या खाली, खिळा मारून लावायला सांगितला. त्यातही घर स्वच्छ होतं, मांजर स्वच्छ होतं. आक्काला मात्र चार हात होते आणि तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा. मी जरा ओशाळून म्हटलं, “आक्का, हा हललाय. पुन्हा काढू का?”

आक्कानं त्या फराट्यावर बोट ठेवलं.

“हितं मी त्येला शिव्या घालतीया,” ती म्हणाली. “दिसतंय की. स्वच्छ आलाय.”